कुआंग बाईंची चालती वाक्यं

इंग्रजी भाषेवर माझा मुळातच राग आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला 'तुम्ही एकांगी बोलता' असं म्हणायला नको. मी चिनी शिकवते. आमच्या गावच्या तिसऱ्या माध्यमिक शाळेत, सातवीला. आणि माझ्या टेबलाला टेबल लावून, तोंडासमोर तोंड करून इतकी वर्षं जी बाई बसते, ती इंग्रजी शिकवते. तिचं नाव कुआंग सुछिन. माझं नाव हौ. दोन टेबलांच्या मधोमध तिचा चहाचा थर्मास असतो. आमचं भांडण झालं की ती तो उचलून स्वतःच्या बाजूला ठेवते, आणि मग मला दुपारपर्यंत चहा नाही.

भांडण ठरलेलं. मी निबंधाची वही तिच्यापुढे आपटायची.

"हे वाच! 'मी जेवलो आजीकडे काल.' ही काय भाषा झाली? 'मी काल आजीकडे जेवलो' असं सरळ बोलणारं पोर तुझ्या हाताखाली गेलं आणि त्याची जीभच उलटी झाली."

"अगं, मग माझ्याकडे काय होतं ते बघ की!" कुआंग म्हणायची. "माझ्याकडे येऊन ती इंग्रजीतसुद्धा अस्संच्या अस्सं लिहितात. 'मी, काल, आजीकडे, जेवलो.' इंग्रजांना नाही चालत ते. त्यांना आधी हवं कोण, लगेच त्यानं काय केलं, मग कुठे, आणि कधी ते पार शेपटाला."

"म्हणजे माणूस जेवून हात धुऊन मोकळा झाला तरी कुठल्या दिवशी जेवला ते कळायचं नाही?"

"शेवटी कळतं."

"आणि तो मासा? परवा सांगत होतीस तो?"

"काल आईनं बाजारातून आणलेला मासा," ती बोटं नाचवत म्हणायची. "आपल्याकडे आई, बाजार, काल, सगळं आधी येतं आणि मग मासा. त्यांच्याकडे मासा आधी टाकायचा ताटात. मग सांगायचं, जो आणला, आईनं, बाजारातून, काल."

"जळ्ळं मेलं लक्षण," मी म्हणायची आणि ती थर्मास उचलायची.

पण शिकवायची मात्र जीव तोडून. खरं सांगते, तिच्याइतकं मरमर मरणारं माणूस आमच्या शाळेत दुसरं नव्हतं. शेवयांच्या दुकानातले रिकामे खोके मागून आणायची, त्यांचे चौकोन कापायची, ब्रशनं एकेक शब्द लिहायची आणि लाल दोरा ओवून पोरांच्या गळ्यात घालायची. एक पोर 'मी', एक 'काल', एक 'आजीकडे', एक 'जेवलो'. फळ्याखाली ओळीत उभी करायची, चिनी रांगेत. मग थर्मासचं झाकण टेबलावर दोनदा वाजवायची, टक टक, की पोरांनी चालत जाऊन इंग्रजी रांग लावायची. प्रश्न असला की आणखी मजा. 'तू काल कुठे जेवलास?' यात आपल्याकडे 'कुठे' बिचारा मध्ये आपल्या जागी गप उभा असतो. इंग्रजीत त्याला सगळ्यांना ढकलत पार पुढे पळावं लागतं. 'कुठे' व्हायला पोरं भांडायची. सगळी शाळा त्याला 'कुआंग बाईंची चालती वाक्यं' म्हणायची, आणि माझा तास शेजारच्या वर्गात असला की त्या धावपळीनं माझं डोकं उठायचं.

तिचा एक नियम होता. हुशार पोराला 'मी' द्यायचा. "'मी'ला कुठे जावंच लागत नाही," ती म्हणायची, "दोन्ही भाषांत तो पहिलाच. त्याला चालून काय शिकायचंय?" आणि 'काल' द्यायचा सगळ्यात कच्च्या पोराला, कारण 'काल'ला सगळ्यात लांब जावं लागतं, पुढून निघून थेट खिडकीपर्यंत. "डोक्यात नाही शिरलं तर पायात शिरेल," म्हणायची.

तिच्या वर्गात अशी सहा पोरं होती. शेवटच्या बाकांवरची. त्यांत चुनयान नावाची एक मुलगी, आईबाप दक्षिणेला कारखान्यात, ही आजोबांजवळ; आजोबा टोफू विकतात, म्हणून ही पहाटेपासून जागी आणि पहिल्या तासाला डुलक्या. दुसरा दालिन. हा अंगानं दांडगा आणि बोलायला अडखळणारा. काही विचारलं की आधी कान लाल व्हायचे. ही सहा पोरं माझ्या तासाला दगड. हात टेकले होते मी. पण कुआंगच्या तासाला मी स्वतः पाहिलंय, दालिन गळ्यात 'काल' घालून मोजून पावलं टाकत खिडकीपाशी जायचा आणि तिथं छाती काढून उभा राहायचा. ती पाटी त्याच्या घामानं पार मऊ पडली होती.

आता तिच्या हुद्द्याचं सांगते. आमच्याकडे मास्तरकीत 'वरिष्ठ' हा हुद्दा मिळाला की माणूस माणसात येतो. नुसतं शिकवून तो मिळत नाही. अर्ज, कागद, वरची माणसं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे उघडा तास. जिल्ह्याचे परीक्षक येऊन मागच्या भिंतीला स्टुलं लावून बसतात, मांडीवर वही घेतात आणि तुम्ही पोरांना शिकवता ते बघतात. कुआंगचा अर्ज दरवेळी कुठेतरी अडायचा. एकदा कागद कमी पडला, एकदा जागा कमी पडली, एकदा तर तिचीच जुनी विद्यार्थिनी पुढे गेली आणि ही तिचं अभिनंदन करून आली. मला हुद्दा मिळून कितीतरी वर्षं झाली होती. हिला नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात ही निवृत्त होणार. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. ती तसं बोलून दाखवायची नाही, पण त्या दिवसांत थर्माससुद्धा मधोमध ठेवायला विसरायची आणि भांडण झालं तरी स्वतःच्या बाजूला घ्यायला विसरायची.

तासाची तारीख ठरली आणि घासणं सुरू झालं. आमच्याकडे उघड्या तासाची तालीम करत नाहीत, धडा घासतात. तोच धडा, त्याच पोरांबरोबर, पुन्हा पुन्हा, गुळगुळीत होईपर्यंत. मुख्याध्यापक निंग सर रोज मागं बसून सूचना करायचे. इथं हसा. इथं थांबा. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे हातच हात दिसतील आणि बाईंना कळेल कुणाला उठवायचं. ही युक्ती सगळीकडे करतात, परीक्षकांनाही ठाऊक असते, ते स्वतः हेच करून वर चढलेले असतात. कोण कुणाला फसवतं, देवाला माहीत!

"बाई," दालिन एकदा न अडखळता म्हणाला, "रोज रोज जेवून आता आजीला पण आपला वैताग आला असेल."

वर्ग खो खो हसला. कुआंग हसली. निंग सर हसले नाहीत.

त्यानंतरच्या घासणीत दालिन मध्येच थांबला. परीक्षकांच्या जागी निंग सरांनी इतर मास्तरांना बसवलं होतं. एवढी माणसं बघून त्याचे कान लाल झाले आणि पोरगा फळ्याच्या मधोमध रुतल्यासारखा उभा. मागची पोरं त्याच्यावर आदळली. सगळं वाक्य तुंबलं. कुआंगनं जवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ थांबली, आणि तो गेला खिडकीपर्यंत. माझ्या मते तेवढं एक दृश्य बघून तिला हुद्दा द्यायला हवा होता. पण माझं मत विचारतो कोण!

संध्याकाळी निंग सर आमच्या मास्तरांच्या खोलीत आले.

"कुआंग बाई, ती शेवटची सहा पोरं. त्या दिवशी त्यांना जरा दुसरीकडे बसवू. दुसऱ्या तुकडीतून सहा चुणचुणीत पोरं आणतो मी, दोन दिवसांत तयार होतील."

"सर, ती चालती वाक्यं त्यांच्यासाठीच आहेत," कुआंग म्हणाली. "ज्यांना येतंय त्यांना चालवून काय दाखवू?"

"तास दाखवा! तुमचं शेवटचं वर्ष आहे. शाळेचंही नाव आहे. सगळ्या शाळा हेच करतात."

"पण सर…"

"तुमच्या भल्याचंच सांगतोय," म्हणाले आणि गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाही म्हण," मी तिला म्हटलं. "सरळ जा आणि नाही म्हण."

"म्हटलं की. तुझ्यासमोर म्हटलं."

"ते काय म्हणणं झालं? 'पण सर, पण सर'! टेबलावर हात आपटून म्हण!"

ती मग शांतपणे म्हणाली, "तुझं काम झालंय, हौ. तुला आपटायला काय जातंय?"

त्या दिवशी आम्ही भांडलोसुद्धा नाही.

पोरांना तिनंच सांगितलं. संत्री आणली होती पिशवीभर. सहाही जणांना आमच्या खोलीत बोलावून सोलायला दिली आणि बोलायला लागली. वाईट गोष्ट तोंडावर मारायची आमची रीत नाही. आधी कारणं, मग परिस्थिती, मग समोरच्याचं कौतुक, आणि मुद्दा सगळ्यात शेवटी. तशी ती बोलत राहिली. पाहुणे खूप येणार आहेत, वर्ग लहान आहे, स्टुलं मावायची नाहीत, तुम्ही इतके दिवस किती मेहनत केलीत, हौ बाईंना खाली खेळाच्या खोलीत मदत हवी आहे… मदत! मला! मी वही तपासायचं नाटक करत होते, लाल शाईचा डाग पडला वहीवर. कुआंग मुद्द्यापर्यंत पोचलीच नाही. चुनयाननं संत्र्याची सालं टेबलावर नीट एकावर एक ठेवली.

"म्हणजे आम्ही त्या दिवशी वर्गात नको, होय ना बाई?"

"तास संपला की लगेच बोलावते," कुआंग म्हणाली. "लगेच."

तर उघड्या तासाच्या दिवशी मी खाली, खेळाच्या खोलीत. फुटबॉलांची जाळी, गुंडाळलेल्या गाद्या, दोरीउड्यांच्या दोऱ्या आणि रबराचा वास. खोली नेमकी त्यांच्या वर्गाच्या खाली. वर खुर्च्या सरकल्या, सगळ्या वर्गानं एका सुरात नमस्कार केला, मग शांत. पोरं गाद्यांवर वह्या उघडून बसली होती. "आवाज नको," मी म्हटलं, कारण मला तेवढंच सांगायला सांगितलं होतं. मी मनातल्या मनात निंग सरांना, कुआंगला, त्या हुद्द्याला आणि समस्त इंग्रजांना शिव्या घालत होते.

मग वरून आवाज आला. टक टक. थर्मासचं झाकण.

सहाही पोरांनी माना वर केल्या. दालिन उठून उभा राहिला.

"बाईंनी वाजवलं," तो म्हणाला.

"खाली बस," मी म्हटलं. पण तोवर सगळी उठली होती. पाट्या वर होत्या, नव्या पोरांच्या गळ्यात. यांनी छातीवर हात ठेवून ठरवलं, मी 'आम्ही', मी 'आज', मी 'खाली'. कुजबुजत, एकमेकांना चिमटे काढत रांग लागली. 'आम्ही, आज, का, खाली, गप्प, बसलोय.' दालिन 'आज' झाला होता. 'का' झाली चुनयान.

"आता इंग्रजी," कुणीतरी म्हणालं.

गोंधळ झाला. 'गप्प' आणि 'खाली' एकमेकांवर आपटले, हळू आवाजात हमरीतुमरी झाली, 'बसलोय' चुकून माझ्यामागे गेला. शिवाय अशा प्रश्नात म्हणे आणखी एक उलटापालट असते, ती कुणालाच आठवली नाही. पण बाकी जमलं. 'बसलोय' पुढे आला, मागे 'गप्प', मागे 'खाली'. दालिन मोजून पावलं टाकत पार दारापाशी जाऊन छाती काढून उभा राहिला. आणि चुनयान सगळ्यांना बाजूला सारत पुढे आली, रांगेच्या तोंडाशी, माझ्या अगदी समोर.

'का.'

"बरोबर आहे का हौ बाई?" तिनं विचारलं.

मला रडू आलं, सांगायला लाज कशाची! वर टाळ्या वाजत होत्या. त्या क्षणी वाटलं, वर जावं, कुआंगच्या हाताला धरून तिला फरफटत खाली आणावं आणि म्हणावं, बघ, तुझा उघडा तास इथं चाललाय. पण पोरांना एकटं सोडता येत नव्हतं. मी म्हटलं, "बरोबर आहे. बसा आता."

लगेच कुणी बोलावलं नाही. पाहुण्यांबरोबर फोटो झाले, मग पाहुण्यांचं जेवण झालं, मग पोरांच्या दुपारच्या झोपेची घंटा झाली. मीच त्यांना खाणावळीत नेलं. शेवया गार होऊन त्यांचा गोळा झाला होता. दालिननं दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाला, "आजीकडे गरम असतं."

हुद्दा मिळाला. हिवाळ्यात लाल कागदावर कुआंगचं नाव सूचनाफलकावर लागलं. निंग सरांनी मिठाई वाटली. तास इतका सुरेख झाला होता म्हणे, की परीक्षकांनी चालत्या वाक्यांबद्दल दोन ओळी जास्त लिहिल्या. कुआंगनं तो कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि मला म्हणाली, "आता तरी चहा घे."

मी घेतला. काय करणार?

पाट्या पुन्हा निघाल्या. 'काल' पुन्हा दालिनकडे आला, सहाही पोरं पुन्हा चालायला लागली. एकदा चुनयान आपणहून 'कुठे' झाली आणि इतक्या जोरात पळाली की फळ्याचं डस्टर पडलं. त्या दिवशी कुआंग खोलीत येऊन खुर्चीत धपकन बसली.

"बघ, विसरली पोरं," म्हणाली. "पोरांचं असंच असतं गं. आपणच उगाच मनात घेऊन बसतो."

मला ते पटलं नाही. पण तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जरा रंग आला होता, म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसणं म्हणजे काय असतं, ते आमच्या शाळेत कुणालाही विचारा.

वसंत सरत आला आणि उकडायला लागलं. कुआंगच्या वर्गातला पंखा करकरायचा. एक दिवस तिचा तास चालू असतानाच पंखेवाला आला, अनोळखी माणूस, हातात हत्यारांची पेटी. "पाचच मिनिटं थांबा, एवढं वाक्य होऊ दे," कुआंग त्याला म्हणाली. तो बिचारा मागच्या भिंतीपाशी गेला, कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसला, आणि खिशातून एक छोटी वही काढून काहीतरी टिपायला लागला. पंख्याचं माप असेल, नाहीतर काय!

मी वह्यांचा गठ्ठा घेऊन शेजारच्या वर्गात निघाले होते. उकाड्यामुळे मागचं दार उघडं होतं, म्हणून मला दिसलं.

चुनयाननं मागं वळून स्टुलावरच्या माणसाकडे बघितलं. त्याच्या वहीकडे बघितलं. मग आपलं पुस्तक मिटलं, पेन्सिलींची पेटी उचलली आणि उभी राहिली. तिच्या मागोमाग बाकीची. कुणाचा बाक वाजला नाही. दालिन फळ्याखाली रांगेत होता. त्यानं गळ्यातली पाटी काढली, दोरा नीट सरळ केला आणि पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीच्या हातात दिली. मग सहाही जण एकामागून एक मागच्या दारातून बाहेर पडले. माझ्याजवळून जाताना त्यांनी शिस्तीत मान लववून नमस्कार केला आणि जिना उतरायला लागले.

कुआंग हातात झाकण घेऊन उभी होती. तिला आधी कळेना. मग तिनं त्या माणसाकडे, त्याच्या वहीकडे बघितलं. "बाहेर व्हा!" ती पंखेवाल्यावर ओरडली. "आत्ताच्या आत्ता बाहेर व्हा तुम्ही!" त्याचा काय दोष? तो घाबरून पेटी उचलायला लागला. तोवर ही जिन्यावर. मी वह्या तिथंच टाकल्या आणि मागं धावले. गुडघे दुखतात तिचे, पण धावत होती.

खेळाच्या खोलीत पोरं गाद्यांवर बसली होती. आपापल्या जागी. वह्या उघडलेल्या. आवाज नाही.

कुआंग दारात थांबली. दम लागलेला, डोळ्यांतून पाणी. या वेळी तिनं कारणं सांगितली नाहीत, कौतुक केलं नाही.

"वर चला," म्हणाली. "तुम्ही मला वर्गात हवे आहात. आत्ता."

चुनयाननं तिच्या मागं, जिन्याकडे बघितलं.

"बाई, पाहुणे गेले का?"

"पाहुणे नव्हते गं ते," कुआंग म्हणाली. "पंखेवाला आहे. नुसता पंखेवाला."

चुनयाननं मान हलवली, बाईला वाईट वाटू नये म्हणून थोडी हसली.

"असू दे बाई. तो गेला की येतो आम्ही," म्हणाली, आणि तिनं वहीचं पान उलटलं.